आधी खैरियत, मग हकीकत

"थांब. आधी खैरियत सांग, हकीकत मागून."

परांड्याच्या शाळेत कुणी धापा टाकत आमच्या मास्तरसाहेबांसमोर येऊन उभं राहिलं, की ते एष्टी थांबवायला करावा तसा उजवा हात आडवा करायचे आणि हे वाक्य म्हणायचे. आलेल्या पोराच्या तोंडून 'साहेब, गणपत किल्ल्याच्या तटावर चढला अन् वरनं…' एवढं निघालेलं असायचं. हात आडवा झाला की ते गप्प व्हायचं, आवंढा गिळायचं आणि म्हणायचं, "बरा हाय साहेब. निस्ता गुडगा फुटलाय." मग मास्तरसाहेब खुर्चीत मागे रेलायचे, शेरवानीचं वरचं बटण सैल करायचे आणि म्हणायचे, "हां. आता सांग, शुरूपासून."

आणि मग ते खरोखर पहिल्यापासून ऐकायचे. गणपतला चढायची बुद्धी कुणी दिली, आधी चप्पल खाली पडली की गणपत, सगळं. गणपत बरा आहे हे एकदा कळलं की त्यांना कशाचीच घाई नसायची.

गोष्टीतला जीव घालवणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. सिनेमा बघून आल्यावर 'शेवटी दोघांचं लग्न होतं' असं पहिल्याच वाक्यात सांगून टाकणारी. मास्तरसाहेब त्या जातीचे, आणि वर गणिताचे शिक्षक. फळ्यावर गणित मांडलं की ते आधी उजव्या कोपऱ्यात उत्तर लिहायचे, त्याभोवती चौकट काढायचे आणि मग रीत करायला घ्यायचे. कुठे जायचं ते ठाऊक असलं की पोरं वाटेत घाबरत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या वर्गातली पोरं गणिताला घाबरत नसत एवढं मात्र मला मान्य करावं लागलं.

मी बार्शीची. मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेल्यानंतरच्या काळात मराठी शिकवायला म्हणून परांड्याच्या शाळेत गेले. वय लहान, राग नाकाच्या शेंड्यावर, आणि मराठी शुद्धच बोललं-लिहिलं पाहिजे हा हट्ट. शाळेत निजामाच्या काळापासूनचे जुने शिक्षक होते. त्यांचं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं. आता कारभार मराठीत आला होता, आणि या शिक्षकांना मराठीची परीक्षा द्यावी लागत होती. मास्तरसाहेब मराठी बोलायचे फर्डं. भाजीवालीशी घासाघीस, शेतकऱ्याशी पाऊसपाणी, पोरांना दम, सगळं मराठीत. पण देवनागरी अक्षर समोर आलं की त्यांच्या कपाळाला घाम सुटायचा. परीक्षेत ते नापास झाले होते, आणि आता शेवटची संधी उरली होती. ती गेली तर नोकरी गेली. हैदराबादेत धाकट्या भावाचं कापडाचं दुकान होतं. तिथे जाऊन गजाने कापड मोजायचं, एवढंच मग पुढे होतं.

हेडमास्तरांनी हे काम माझ्या गळ्यात घातलं. मधल्या सुट्टीत मी त्यांना शिकवू लागले. पहिल्या दिवशी मी त्यांच्या हातात वाचनमाला ठेवली. त्यांनी ती अदबीने घेतली, डोळ्यांना लावली आणि उलट्या बाजूने उघडली. उर्दू पुस्तक तिकडूनच सुरू होतं ना. शेवटच्या पानावर शब्दार्थ होते, तेच धडा समजून वाचू लागले. मी म्हटलं, "साहेब, इकडून." ते हसले, पुस्तक फिरवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हात काही ऐकायचा नाही.

मी निवडक अभंग आणले, बोधपर गोष्टी आणल्या. मास्तरसाहेब दोन ओळी वाचून डुलक्या घ्यायचे. गोष्टीतला लाकूडतोड्या प्रामाणिक आहे हे त्यांना शेवटच्या पानावर आधीच कळलेलं असायचं, मग पहिल्या पानापासून त्याच्याबरोबर जंगलात कशाला जायचं? मी चिडायचे. ते म्हणायचे, "बाई, तुमचा गुस्सा बरोबर आहे. पण नींद पण खरी आहे."

अशात एक दिवस त्यांनी वर्गात शकूला चोरून पुस्तक वाचताना पकडलं. शकुंतला म्हणजे आमच्या शाळेतल्या मोजक्या मुलींपैकी एक, मोठ्या डोळ्यांची आणि त्याहून मोठ्या तोंडाची. तिच्या काकांकडे वर्तमानपत्रांची एजन्सी होती. कुर्डुवाडीहून एष्टीच्या टपावर गठ्ठा यायचा, त्यात महिन्यातून एकदा 'ढगचोर' मालेचा नवा भाग असायचा, आणि तो गावात सगळ्यांत आधी शकूच्या दप्तरात जायचा.

ही माला तुम्हाला ठाऊक नसेल, म्हणून सांगते. एक दुष्ट शास्त्रज्ञ असतो. त्याने डोंगरावर तांब्याचा मनोरा उभारलेला असतो, त्यातून विजेच्या लहरी निघतात आणि आभाळातले ढग ओढले जाऊन जमिनीखालच्या लोखंडी टाक्यांत कोंडले जातात. मुलुखभर दुष्काळ. दीनू आणि मालू ही बहीणभावंडं त्याच्या मागावर. कागद पिवळा, चित्रं भडक, आणि शुद्धलेखनाच्या नावाने आनंद. माझ्या मते असली पुस्तकं चुलीत घालायच्या लायकीची होती.

आमच्याकडच्या पोरांना मात्र त्यात खोटं काहीच वाटत नव्हतं. बार्शीच्या बाजूने काळेभोर ढग यायचे, परांड्यावरून ऐटीत जायचे आणि थेंब न टाकता पलीकडे नाहीसे व्हायचे, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. किल्ल्याच्या मोठ्या बुरुजात तसलंच यंत्र असलं पाहिजे, असं त्यांचं ठरलेलं होतं. गणपत तटावर चढला होता तो त्याच तपासासाठी.

तर मास्तरसाहेबांनी शकूकडून ते पुस्तक काढून घेतलं आणि शिक्षकांच्या खोलीत येऊन सवयीप्रमाणे मागून उघडलं. मी समोरच वह्या तपासत होते. ते एकेक अक्षर जुळवत शेवटचं पान वाचू लागले. वाचता वाचता थांबले. पान उलटलं, तर पुठ्ठा. पुठ्ठ्याच्या आतही पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, याची पुढची पानं कुणी फाडली?"

मी पाहिलं. शेवटी लिहिलं होतं की दीनूच्या पायाखालची फळी सरकली आणि तो अंधाऱ्या भुयारात कोसळला. खाली, पुढील भाग पुढील महिन्यात.

"फाडली नाहीत साहेब. असंच असतं ते."

"म्हणजे? पोरगं पडलं, अन् किताब खतम?"

मी हो म्हटलं. त्यांनी शकूला बोलावून घेतलं. ती मार खायच्या तयारीने आली. साहेबांनी हात आडवा केला. "शकू, आधी खैरियत सांग. हे पोरगं सलामत आहे का?"

शकू म्हणाली, "मला तरी काय ठावं साहेब. म्होरला भाग आल्याबगर कसं कळंल?"

अख्ख्या जन्मात शेवटच्या पानाने त्यांना असा दगा दिला नव्हता. त्या दिवसापासून मास्तरसाहेबांची झोप उडाली आणि माझं काम सोपं झालं. दीनू भुयारात कसा गेला ते कळायला मागची पानं वाचणं भाग होतं, ती कळायला आधीचे भाग. शकूकडून एकेक भाग घेऊन ते मधल्या सुट्टीत वाचायचे, मोठ्याने, बोट ठेवून. जोडाक्षर अडलं की चिडून मला विचारायचे, कारण तिकडे मालूच्या मागे माणसं लागलेली असायची. नवा भाग आला की मागूनच उघडायचे. दरवेळी शेवटी कुणीतरी लटकलेलं, बुडालेलं, नाहीतर कोंडलेलं. "या लिहिणाऱ्याला कुणी घरचं न्हाय का?" असं म्हणून ते पुस्तक फिरवायचे आणि पहिल्या पानापासून सुरू करायचे. पाऊस सुरू व्हायच्या सुमाराला ते देवनागरी धडाधड वाचू लागले. मी बोधकथा गुपचूप कपाटात ठेवून दिल्या.

त्या खैरियतीचं मूळ मला ईदच्या दिवशी कळलं. शीरखुर्मा प्यायला मी त्यांच्या घरी गेले होते. साहेब पाहुण्यांत गुंतलेले. त्यांच्या बायकोला मी भाभी म्हणायचे. मी चेष्टेने म्हटलं, भाभी, तुमच्या लग्नातसुद्धा यांनी आधी 'कबूल' म्हटलं असेल आणि मग मौलवींचं ऐकलं असेल. त्या हसल्या, आणि मग त्यांनी ते सांगितलं.

पोलीस ॲक्शनच्या, म्हणजे निजामाचं राज्य गेलं त्या दिवसांत साहेबांचे धाकटे भाऊ भूमकडे गेलेले होते आणि परतले नव्हते. चोहीकडून मुसलमान वस्त्यांवरच्या हल्ल्यांच्या बातम्या. घरात चूल पेटत नव्हती. अशात एक शेतकरी दारात आला, ओळखीचा, वयस्क, पायी चालत आलेला. म्हणाला, तुमच्या धाकट्याचं सांगायला आलोय. त्याला बसवलं, पाणी दिलं. आणि त्याने आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे पहिल्यापासून सुरुवात केली. त्या दिवशी रानात काय काम होतं, बैल कसा लंगडत होता, वाटेत कोण भेटलं, त्याने काय विचारलं, याने काय सांगितलं. वडीलधारा माणूस, त्यातून दारी आलेला पाहुणा, त्याला मधेच तोडायचं कसं? साहेबांची आई भिंतीला टेकून ऐकत होती. साहेब हात जोडून ऐकत होते. बैलाच्या खुराला काय लावलं तेही सगळ्यांनी ऐकलं. आणि अगदी शेवटी तो म्हणाला, "तर ते धाकटं मालक आमच्या कडब्याच्या गंजीत हायती. भाकर खाल्लीया त्यांनी. सांजच्याला गाडीत घालून आणतो."

भाऊ सुखरूप आला. पण ती हकीकत ऐकता ऐकता साहेबांचे केस पांढरे झाले, असं भाभी म्हणाल्या. "त्या माणसाचे उपकार आमी जन्मभर विसरणार न्हाय," त्या म्हणाल्या, "पण बाई, त्यानं बैल मागून सांगायचा होता."

मी हसले आणि माझे डोळेही भरले. पुढे भाऊ हैदराबादेत स्थिरावला आणि सारखा बोलवत राहिला. साहेब जात नव्हते. ज्या मुलखाने आपला भाऊ कडब्यात झाकून ठेवला तो सोडून कुठे जायचं, असं ते म्हणत. आता जायची पाळी एका परीक्षेमुळे येणार होती.

परीक्षेला ते बार्शीवरून उस्मानाबादला गेले आणि दुसऱ्या दिवशी शाळेत आले. मी फाटकातच हात आडवा केला. "आधी खैरियत, साहेब."

ते थांबले. म्हणाले, "खैरियत मालूम न्हाय, बाई. आज हकीकतच आहे नुसती."

लेखी ठीक गेलं होतं. तोंडी परीक्षेला एक जाडजूड परीक्षक होते. त्यांनी सांगितलं, तुम्ही वाचलेल्या एखाद्या मराठी पुस्तकाविषयी बोला. साहेबांच्या आधीच्या उमेदवारांनी ग्रंथांची नावं घेतली होती. साहेबांनी अर्थातच 'ढगचोर' सांगितलं. मनोरा, टाक्या, दीनू, मालू. सांगताना भान राहिलं नाही, मधे मधे उर्दू शब्द पडले. तोवर आलेल्या शेवटच्या भागात दीनूला ढगांच्या टाकीत कोंडलेलं असतं आणि पाणी गळ्यापर्यंत चढलेलं असतं. तिथवर येऊन साहेब थांबले. परीक्षकांनी हाताने विचारलं, पुढे? साहेब म्हणाले, पुढचा भाग अजून आलेला नाही. परीक्षकांनी तोंड कडू केलं, एक अक्षर न बोलता दाराकडे बोट दाखवलं.

"गेली बाई नोकरी," साहेब म्हणाले. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, अहो, एवढे अभंग वाचून घेतले होते, त्यातला एक सांगायचा. ते म्हणाले, "झूट कसं बोलू? ते मी झोपेत वाचले."

पुढचे दिवस वाईट गेले. निकाल येईना, आणि 'ढगचोर'चा पुढचा भागही येईना. छापखाना बंद पडला म्हणे. शकू रोज कुर्डुवाडीची गाडी बघून यायची आणि मान हलवायची. भाभींनी ट्रंका उन्हात घातल्या. मास्तरसाहेब वर्गात गणित मांडायचे, पण उजव्या कोपऱ्यात उत्तर लिहिणं त्यांनी सोडून दिलं. पोरांच्या ते लगेच लक्षात आलं.

त्या सुमारास शिक्षकांच्या शिबिरासाठी मी उस्मानाबादला गेले होते. निकाल तिथल्या फलकावर लागला. मी गर्दीत घुसून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि शिबिर तिथेच टाकून स्टँड गाठलं. बार्शीला गाडी बदलताना माझं माहेर हाकेच्या अंतरावर होतं, तिकडे वळलेसुद्धा नाही. परांड्यात उतरले ती जवळजवळ पळतच शाळेत गेले. मी तेव्हा नऊवारी नेसायचे, आणि गावाने बाईला पळताना पाहिलं.

त्यांचा वर्ग चालू होता. पाठ माझ्याकडे, फळ्यावर अर्धं गणित. मला खिडकीत बघून पोरं गप्प झाली. वाटेत मी खूप वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही.

"साहेब," मी म्हटलं, "खैरियत."

ते वळले नाहीत. खडू धरलेला हात तसाच राहिला. मग त्यांनी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात गणिताचं उत्तर लिहिलं, त्याभोवती चौकट काढली आणि कितीतरी वेळ ती चौकट गिरवत राहिले. "लिहून घ्या," ते पोरांना म्हणाले. पोरांना सगळं कळलं होतं. शकू मोठ्याने रडत होती आणि गणपत बाकावर उभा राहिला होता. त्या दिवशी त्याला कुणी खाली बस म्हटलं नाही.

नंतर शिक्षकांच्या खोलीत साहेबांनी शेरवानीचं बटण सैल केलं. "आता हकीकत सांगा बाई. शुरूपासून. एष्टी कुठं कुठं थांबली ते पण."

मी सगळं सांगितलं. येडशीला गाडीत शेळी चढली तीही सांगितली. आणि ते परीक्षक मला कचेरीच्या व्हरांड्यात दिसले होते, तेही. गाल सुजलेला, मफलर डोक्यावरून बांधलेला. त्यांची दाढ परीक्षेच्या दिवसापासून ठणकत होती, तोंड उघडवत नव्हतं. मी परांड्याची, हे कळल्यावर त्यांनी मला थांबवलं, तळहात गळ्यापर्यंत पाणी आल्यासारखा वर नेला आणि भुवया उडवून विचारलं, काय झालं? मी म्हटलं, अजून भाग आला नाही. ते फार हिरमुसले.

साहेब डोळे पुसेपर्यंत हसले. भाभींनी ट्रंका परत आत नेल्या.

तो भाग पुढे आला, मालेतला शेवटचा. शकूने तो न उघडता साहेबांना दिला. त्यांनी नेहमीप्रमाणे मागून उघडला, आणि पान दिसायच्या आत मिटला. फिरवून पहिल्या पानापासून सुरू केला. दर शनिवारी शेवटच्या तासाला ते वर्गाला थोडं थोडं वाचून दाखवायचे, आणि नेमके नको तिथे थांबायचे. पोरं तळमळायची. मीसुद्धा खिडकीशी उभी राहायचे, हे आता सांगायला हरकत नाही. शकू हात जोडायची, साहेब, एवढं सांगा, दीनू निसटतो का? जो माणूस प्रत्येक गोष्टीचा शेवट आधी सांगायचा, तो आता हसून पुस्तक खिशात घालायचा. "आपण सगळे गावातच आहोत," म्हणायचा. "घाई कशाची?"

मी पुढे सोलापूरला गेले, तिथेच राहिले. साहेब परांड्यातच निवृत्त झाले. कधीमधी कुणाबरोबर निरोप यायचा, पहिला शब्द अर्थातच खैरियत.

एका दुपारी शकू माझ्या दारात उभी राहिली. ती नर्स झाली होती. परांड्याला सुट्टीवर गेली होती आणि थेट स्टँडवरून आली होती. चेहरा उतरलेला होता. ती बोलायला लागली, "बाई, परवा सकाळी साहेब…" आणि माझा उजवा हात आपोआप आडवा झाला.

शकू थांबली. तिने आवंढा गिळला.

"तरास झाला न्हाय बाई," ती म्हणाली. "झोपेतच गेले. परांड्यात, आपल्या घरात, आपल्या खाटंवर."

मी तिला आत घेतलं. पाणी दिलं. दोघी बसलो. तिचे हात माझ्या हातांत होते आणि आम्हाला कुठेही जायचं नव्हतं.

"आता सांग," मी म्हटलं. "शुरूपासून. एष्टी कुठं कुठं थांबली ते पण."